मका हिरवा दिसतोय, पण उतारा किती पडणार?

वाचकांचे प्रश्न : शेतीशिवार

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त मक्याचीच आहेत, आणि बहुतेक सगळी सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, भोकरदन, जाफराबाद याच पट्ट्यातली. ऑगस्टात नेमका तुरा निघायच्या वेळेला पाऊस गायब झाला आणि सप्टेंबरात दोन चांगले पाऊस पडल्यावर रानं पुन्हा हिरवीगार झाली, त्यामुळं बांधावरून बघणाऱ्याला वाटतंय पीक सावरलं. एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत, ज्यांचं पत्र दिसणार नाही त्यांनी रागवू नये.

प्रश्न : आमचा तीन एकर मका आहे. दोन फुटी पेरणी, जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली. दोन एकर खालचं काळं रान आणि एक एकर वरची मुरमाड पट्टी. ऑगस्टात पंचवीस दिवस थेंब नाही, विहिरीवरून एकच पाणी देता आलं, तेही खालच्या रानाला. यूट्यूबवर व्हिडिओ बघून हिशोब केला, २५ कणसं गुणिले कणसाला ३३६ दाणे आणि भागिले ९०, तर उत्तर ९३ आलं. ९३ काय, क्विंटल? गावात सांगितलं तर पोरं हसायलेत. आडत्या मालावर उचल (आगाऊ पैसे) देतो म्हणतोय, त्याला किती माल सांगू?
– एक वाचक, सिल्लोड तालुका

उत्तर : पोरांना हसू द्या, तुमची आकडेमोड बरोबर आहे, फक्त ते ९३ क्विंटल नाहीत, बुशेल आहेत. ही पद्धत अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यातली, इलिनॉय विद्यापीठाच्या नावानं ओळखली जाते, आणि तिकडं मका बुशेलमध्ये मोजतात. मक्याचा एक बुशेल म्हणजे २५.४ किलो. ९३ बुशेल म्हणजे साधारण साडेतेवीस क्विंटल एकरी. आता हा आकडा ऐकून कुणी हसणार नाही, पण खरं सांगायचं तर हाही तुमच्या रानात पडणार नाही, आणि त्याचं कारण त्या ९० मध्येच आहे.

९० ने भागणं म्हणजे ९० हजार दाण्यांचा एक बुशेल भरतो असं धरणं. म्हणजे शंभर दाण्यांचं वजन २८ ग्रॅम. चांगल्या पावसाच्या वर्षी चांगल्या हायब्रिडला हे वजन येतंही. पण दाणा भरायच्या काळात ज्या झाडाची खालची पानं करपली, त्या झाडाचा दाणा २८ ग्रॅमला कुठून येणार? अमेरिकेतले लोकसुद्धा कोरड्या वर्षी ९० सोडून १०५-११० ने भागतात, ते व्हिडिओवाल्यानं सांगितलं नाही. म्हणून माझं म्हणणं, तो ९० चा भागाकार सोडूनच द्या आणि आपल्या रानातल्या दाण्याचं वजन स्वतः करा, हिशोब उलट सोपा होतो.

एकराचा हजारावा भाग घ्यायचा. दोन फुटी ओळ असेल तर एका ओळीत पावणेबावीस फूट लांबी म्हणजे बरोबर हजारावा भाग. अडीच फुटी असेल तर साडेसतरा फूट. तेवढी दोरी कापून घ्या, दोन्ही टोकांना काड्या बांधा. दोन फुटी म्हणताय पण ती खरंच दोन फुटी आहे का तेही बघा, दहा ओळींच्या आडवा टेप धरा आणि दहाने भागा, कारण ट्रॅक्टरच्या पेरणीत एका फेरीची शेवटची ओळ आणि दुसऱ्या फेरीची पहिली ओळ यांच्यातलं अंतर हटकून कमीजास्त असतं. त्या दोरीतली सगळी झाडं बघून कणसं मोजायची, म्हणजे ज्यावर दाणा आहे आणि सोंगणीवाली बाई जे खुडून पाटीत टाकेल असं कणीस. वांझ झाड मोजायचं नाही, आणि बोटाएवढं, चार दाणे लागलेलं कणीसही नाही, ते कुणी खुडत नसतं.

मग दाणे. इथं सगळ्यात जास्त गडबड होते, कारण हात आपोआप मोठ्या कणसाकडं जातो. मी मी म्हणणारे करतात ही गोष्ट. त्यामुळं आधीच ठरवून टाकायचं की दोरीतलं दर पाचवं कणीस, ते कसंही असो, आणि पानं सोलायच्या आधी ठरवायचं. प्रत्येक कणसाच्या रांगा मोजा (मधल्या भागात मोजा, त्या नेहमी समच भरतात, १२, १४, १६), मग एका रांगेतले दाणे मोजा. टोकाचे अर्धवट, चिंबलेले दाणे सोडून द्यायचे. रांगा गुणिले दाणे हा गुणाकार कणसागणिक करायचा आणि नंतर सरासरी काढायची. रांगांची वेगळी सरासरी आणि दाण्यांची वेगळी असं करू नका, चांगल्या वर्षी फरक पडत नाही पण यंदा एकाच ओळीत शेजारी शेजारी चारशे दाण्याचं आणि नव्वद दाण्याचं कणीस सापडतंय.

आता सूत्र. दोरीतली कणसं, गुणिले एका कणसाचे सरासरी दाणे, गुणिले शंभर दाण्यांचं ग्रॅममधलं वजन, आणि आलेल्या उत्तराला दहा हजारांनी भागायचं. थेट एकरी क्विंटल येतात. तुमच्या पत्रातलेच आकडे घेऊ, तुम्ही २५ कणसं आणि कणसाला ३३६ दाणे लिहिलेत, गुणाकार ८४००. हे तुम्ही खालच्या काळ्या रानातच मोजलं असणार, कारण मुरमाडात इतकं सापडणं शक्य नाही. दाणा २८ ग्रॅमचा धरला तर साडेतेवीस क्विंटल. तोच २३ ग्रॅमचा निघाला तर १९.३. आणि वरच्या पट्टीत समजा १६ कणसं, कणसाला १८० दाणे आणि दाणा १९ ग्रॅमचा, तर एकरी साडेपाच क्विंटल. दोन एकरांचे साडेअडतीस आणि वरच्या एकराचे साडेपाच, सगळे मिळून ४४ क्विंटल. व्हिडिओच्या हिशोबानं तीन एकरांचे तुम्ही ७१ धरून बसला होता. या दोन आकड्यांमधल्या २७ क्विंटलवर उचल घेतली असती तर पुढं काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून काळं रान वेगळं, मुरमाड वेगळं, पाणी दिलेलं वेगळं, न दिलेलं वेगळं. प्रत्येक तुकड्यात निदान चार-पाच ठिकाणी दोरी टाका. चांगल्या वर्षी एका रानात दोन ठिकाणी मोजलं तरी भागतं, यंदा भागणार नाही. बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरा, आणि जागा निवडू नका, वीस पावलं चालून जिथं पाय थांबेल तिथं दोरी. समोर वांझ पट्टा आला म्हणून दोन पावलं सरकायचं नाही, तो पट्टाही तुमच्याच सातबाऱ्यावर आहे. रानडुकरांनी लोळवलेला भाग मात्र वेगळा मोजून एकरातून सरळ वजा करा.

शंभर दाण्यांचं वजन कसं करायचं ते पण लिहितो, कारण ते फुकट आहे आणि कुणी करत नाही. दाणा पक्व झाला पाहिजे. कणसाच्या मधला एक दाणा काढा, जिथं तो आतल्या दांड्याला चिकटलेला असतो ते टोक नखानं खरडा, काळा ठिपका दिसला की दाण्याचं भरणं संपलं, आता त्याचं कोरडं वजन वाढणार नाही. (पाण्याचा ताण जास्त पडला तर हा काळा ठिपका वेळेआधीच येतो, म्हणजे दाणा बारीक असतानाच दुकान बंद.) मघाशी निवडलेलीच कणसं सोला, बुडाचे, मधले, टोकाचे दाणे एकत्र करा, चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. मग पाचशे मोजून घरातल्या डिजिटल काट्यावर टाका आणि पाचनं भागा. शंभरच टाकले तर तो काटा एखाद-दोन ग्रॅम इकडंतिकडं दाखवतो आणि तेवढ्यानं एकरी दीड क्विंटलचा फरक पडतो. ओल्या दाण्याचं वजन घेऊन फसू नका, काळा ठिपका येताना दाण्यात ३० ते ३५ टक्के पाणी असतं. ३० टक्के ओलीचा ३० ग्रॅमचा दाणा १४ टक्क्यांवर आला की २४.४ ग्रॅमचा होतो.

दाणा पक्व व्हायच्या आधीच अंदाज हवा असेल तर मी यंदासाठी असं धरतो, पाणी मिळालेल्या काळ्या रानाला २४-२५, कोरडवाहू काळ्याला २१-२२, मुरमाडाला १८-१९. हे माझं धरणं, तुमचा काटा वेगळं सांगेल तर काट्याचं ऐका.

इतकं करूनही अंदाज पंधरा-वीस टक्के मागंपुढं होतो, आणि खुडणीत, मळणीत, उंदरांत काही जातंच. आडत्याला ४४ सांगू नका. मी असतो तर उचल पंचवीस क्विंटलच्या हिशोबानं घेतली असती आणि वरची पट्टी त्यात धरलीच नसती.

प्रश्न : भाऊ, आमच्या मक्याची झाडं माणसापेक्षा उंच आहेत, पानं हिरवी, पण कणीस सोललं तर बुडाला थोडे दाणे आणि वरचं अर्धं कणीस बोडकं. काही कणसांना दाणेच नाहीत आणि केस मात्र लांबच लांब, अजून हिरवट. आता पाऊस झालाय तर दाणे भरतील का? युरिया टाकू का? दुकानदार काहीतरी फवारायला देतोय.
– एक शेतकरी ताई, भोकरदन तालुका

उत्तर : ताई, युरिया टाकू नका आणि फवारणीचे पैसेही ठेवून द्या. दाण्यांची संख्या आता वाढत नाही, कुठल्याच औषधानं नाही.

झालं असं की कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची नळी. तुऱ्यातला परागकण केसावर पडायचा, केसातून खाली उतरायचा, मग तिथं दाणा धरायचा. बुडाकडचे केस आधी बाहेर येतात, टोकाचे सगळ्यात शेवटी. पाण्याचा ताण पडला की तुरा आपल्या वेळेवर निघतो पण केस उशिरा निघतात, कारण केस लांबायला पाणी लागतं. तुऱ्याचा पराग झडून गेला आणि टोकाचे केस नंतर बाहेर आले, त्यांना पराग मिळालाच नाही. म्हणून बुडाला दाणे आणि वर बोडकं. केस बाहेर पडायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे हाच मक्याचा खरा नाजूक काळ, आणि आपल्याकडं जूनच्या पेरणीचा तो काळ बरोबर ऑगस्टात येतो. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेल, देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात तुमचं भोकरदनही होतं.

लांब हिरवट केसांचं म्हणाल तर ती चांगली खूण नाही. केसाला पराग मिळाला की तो सुकतो आणि दाण्यापासून सुटतो, नाही मिळाला तर बिचारा वाढतच राहतो. लवकरच्या अवस्थेत हे तपासायचं असेल तर कणीस हळूच, केस न तुटू देता सोलायचं आणि उभं धरून झटकायचं. जेवढे केस गळून पडले तेवढे दाणे धरले, जे चिकटून राहिले ते वाया. पुढच्या वर्षी तुरा निघाल्यावर आठ-दहा दिवसांत हे केलंत तर सोंगणीच्या महिनाभर आधी कळेल की पाऊस तऱ्हेवाईक झाला तर काय पदरात पडणार.

दुसरा एक प्रकार असतो. टोकाला दाणे धरलेत पण बारीक, पांढरट, सुरकुतलेले, नखानं दाबले तर पोकळ. म्हणजे पराग मिळाला होता पण झाडाला पोसता आलं नाही म्हणून झाडानं सोडून दिले. दाण्यात दूध असेपर्यंत हे होतं. दोन्ही प्रकारांत ते दाणे मोजणीत धरायचे नाहीत, पण फरक ओळखला तर इतकं कळतं की ताण पराग पडताना बसला की नंतर. नंतर बसला असेल तर राहिलेले दाणेही हलके असणार, वजन कमी धरा.

सप्टेंबरच्या पावसाचा फायदा आहेच, जे दाणे धरलेत ते भरतील. कमी दाणे असलेल्या कणसात एकेक दाणा कधीकधी चांगला ठसठशीतही होतो. आणि कणसाच्या रांगा मोजून बऱ्याच जणांना वाटतं की चौदा रांगा आहेत म्हणजे पीक बरं आहे. रांगांची संख्या झाड गुडघ्याएवढं असतानाच ठरलेली असते, तेव्हा पाऊस चांगलाच होता. त्यामुळं यंदा रांगांवरून काही कळणार नाही, लांबी बघा.

प्रश्न : मुरघासवाला (हिरवा मका कापून, हवाबंद मुरवून चारा करणारा) उभा मका मागायलाय. टनाला दोन हजार, तोडणी-वाहतूक त्याची. आमच्या बरड रानात कणसं फार कमी आहेत. देऊ का दाण्याला ठेवू?
– एक वाचक, कन्नड तालुका

उत्तर : आधी पहिल्या उत्तरातली तीच दोरी घ्या. दोन फुटी ओळ असेल तर पावणेबावीस फुटांतली सगळी झाडं जमिनीपासून वीतभर वर कापा, मोळी बांधा, वजन करा. जितके किलो, तितके टन एकरी. नऊ किलो भरलं तर नऊ टन, सहा भरलं तर सहा. चार ठिकाणी करून सरासरी काढा. मुरघासवाले नजरेनं सांगतात आणि नजर कुणाच्या बाजूची असते ते सांगायला नको, पण काट्यावरच टनानं पैसे देत असेल तर भांडणच नाही. गुंठ्यावर मागत असेल तर मात्र हे वजन करूनच बोला.

समजा सहा टन निघाले, बारा हजार झाले, आणि तुमच्या हाताला मजुरी लागली नाही. त्याच रानात दाणा साडेपाच क्विंटल निघणार असेल तर क्विंटलला दोन हजार धरून अकरा हजार, त्यातून खुडणी, मळणी, हमाली जाणार. चाऱ्याचं उरतं, पण घरी जनावरं नसतील तर तो वाळलेला चाराही विकावाच लागणार. अशा रानात मी मुरघासाला दिला असता, आणि रान पंधरा-वीस दिवस आधी मोकळं होऊन हरभऱ्याला ओल सापडते तो फायदा वेगळा. एकरी दहा-बारा क्विंटलच्या वर अंदाज जात असेल तर दाण्याला ठेवा. मधे असाल तर घरी जनावरं किती आणि मजूर मिळतात का यावर ठरवा.

वांझ मक्याचा मुरघास वाया असतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कणसं कमी असली तरी खोडात साखर राहते आणि जनावरं आवडीनं खातात. दर थोडा कमी मिळाला तरी हरकत नाही. पण एक सांभाळा. दुष्काळी मक्याच्या खोडात, विशेषतः बुडाच्या वीतभर भागात, नायट्रेट साठतं, भरपूर युरिया दिलेल्या रानात जास्तच. कोरड्यानंतर पाऊस पडला की पुढचे चार-पाच दिवस ते आणखी वाढतं. तेव्हा पावसानंतर लगेच कापून ओला चारा उपाशी जनावरांपुढं टाकू नका. कोवळी ज्वारी जनावराला लागते हे आपल्याला घरोघर माहीत असतं, मक्याचं कुणी सांगत नाही. मुरघासात तीन-चार आठवडे मुरल्यावर नायट्रेट बरंच कमी होतं, म्हणून खड्डा किंवा बॅग लवकर फोडायची नाही.

प्रश्न : मागच्या हंगामात व्यापाऱ्यानं मॉइश्चर २४ आहे म्हणून क्विंटलमागं पंधरा किलो कापले. एवढी कट बरोबर का?
– एक वाचक, फुलंब्री तालुका

उत्तर : २४ टक्के ओलीचा क्विंटल १४ टक्क्यांवर वाळवला तर ८८.४ किलो राहतो. म्हणजे कट साडेअकराच्या आसपास व्हायला पाहिजे होती. हिशोब पाठ करून ठेवा, १०० मधून तुमची ओल वजा करा, आलेल्या आकड्याला ८६ ने भागा आणि १०० ने गुणा. २० टक्क्यांचा क्विंटल ९३ किलो, २५ चा ८७.२, ३० चा ८१.४. पंधरा किलोत व्यापाऱ्यानं वाळवणीचा खर्च आणि घट धरली असेल तर तसं सांगून, चिठ्ठीवर लिहून धरावी, ओलीच्या नावाखाली नको.

मीटरलाही विचारा. एकच पोतं तीन ठिकाणी तपासायला लावा, वरचं, मधलं, तळाचं. दुष्काळी मक्यात बारीक दाणा आणि जाड दाणा एकत्र असतो, काही झाडं लवकर वाळलेली, काही हिरवी, त्यामुळं एका मुठीचं रीडिंग काहीही येतं. हमीभावाच्या खरेदीत ओल १४ टक्क्यांपर्यंतच चालते. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता, २०२४-२५ ला २२२५. बाजारात भाव त्याखाली असताना ओला माल घेऊन घाईघाईत गेलं की दोन्हीकडून मार. अंगणात, छतावर, रस्त्याच्या कडेला (गाड्या सांभाळून) चार ऊन दाखवा.

प्रश्न : मी मोजणी करून एकरी सहा क्विंटल काढलेत, फोटो पण आहेत. हे दाखवून विमा मिळेल का? आणि आमच्या गावची पैसेवारी ५० च्या वर कशी काय येते?
– एक वाचक, जाफराबाद तालुका

उत्तर : तुमची मोजणी विमा कंपनी धरणार नाही. विम्याचं उत्पादन पीक कापणी प्रयोगातून (निवडलेल्या रानात प्लॉट पाडून, कापून वजन करतात त्यातून) निघतं, तेही महसूल मंडळाचं सरासरी, तुमच्या एकट्याच्या रानाचं नाही. खरीप २०२५ पासून एक रुपया भरून मिळणारा विमा बंद झाला आणि भरपाईची सगळी मदार याच प्रयोगांवर आली, त्यामुळं तुमच्या मंडळात प्रयोग कुणाच्या रानात आणि कधी आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा कृषी सहायक) माहीत करून घ्या आणि कापणीच्या दिवशी तिथं हजर राहा. तिथं तुमच्या मोजणीचा उपयोग होतो, शेजारच्या रानात सहा आणि प्रयोगात सोळा निघायला लागले तर तिथल्या तिथं विचारता येतं की प्लॉट कुठं पाडला. ओल्या कणसांचं वजन घेतात तेव्हा ते वाळल्यावर किती धरणार हेही विचारा.

पैसेवारीचं वेगळं, ती म्हणजे गावचं पीक नेहमीच्या पिकाच्या मानानं रुपयात किती पैसे आलं त्याचा सरकारी आकडा. सप्टेंबरअखेर जी येते ती नजरअंदाज असते, नावातच नजर आहे, आणि यंदासारखी रानं हिरवी असताना नजरेला सगळं बरंच दिसणार. ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम येते. ५० पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती. हरकत घ्यायची असेल तर गावातल्या दहा-बारा जणांनी आपापल्या रानात दोरी टाकून आकडे एका कागदावर आणा, एकट्याच्या फोटोपेक्षा त्याला वजन येतं. पैसेवारीच्या ग्राम समितीच्या बैठकीत बसा, बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते असं ऐकतो.

प्रश्न : काही कणसांच्या टोकाला हिरवट-पिवळी भुकटी आहे. ती कणसं मोजायची का? आणि झाडं आताच लोळायला लागलीत.
– एक वाचक, वैजापूर तालुका

उत्तर : मोजू नका आणि मळणीतही टाकू नका. कोरड्या, उष्ण वर्षात मक्यावर ही बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. दुभत्या जनावराला तर अजिबात घालू नका, ते दुधात उतरतं, आणि कोंबड्यांना तर फारच बाधतं. अळीनं पोखरलेल्या कणसांत ती जास्त दिसते. बुरशीची कणसं खुडतानाच वेगळी काढा, बाकीचा माल साठवायचा असेल तर १२-१३ टक्क्यांपर्यंत वाळवा.

लोळण्याचं बघायचं तर बुडाचं दुसरं-तिसरं पेर अंगठा आणि बोटात दाबा. आत पोकळ लागलं, दबलं, की खोडकुज. खोड चिरल्यावर आत काळी भुरी दिसली तर ताणातली कोळशी कुज, तिच्यावर आता औषध नाही. शंभर झाडं मोजा, त्यातली दहा-पंधरा दाबल्यावर दबली तर तो तुकडा बाकीच्यांच्या आधी सोंगा, दाण्यात ओल थोडी जास्त असली तरी चालेल. परतीचा पाऊस आणि वारा आला तर लोळलेली कणसं जमिनीला लागून उगवतात, मग दोरी टाकून काढलेला आकडा काय कामाचा.